आबांच्या कमोडला बिडे बसवायचं काम : नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

काम: खालच्या संडासात कमोडला बिडे (बसल्या जागी पाण्याची धार मारून धुणारी सोय) बसवणे. जागा: कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर. कुणासाठी: आबा, वय ७४, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर. जुलैत पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली, पाय बराचसा परत आला, काठी घेऊन घरात फिरतात, पण डावा हात अजून नुसता लटकूनच आहे.

मूळ अडचण सरळच लिहितो, लाजून काही होत नाही. आपल्याकडं धुवायचं डाव्या हातानं आणि जेवायचं उजव्या, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आता डावा हातच नाही म्हटल्यावर उजव्यानं धुवा म्हणून सांगितलं तर आबा ऐकायला तयार नाहीत, "ज्या हातानं घास घ्यायचा त्या हातानं तसलं काम? मला न्हाई जमायचं." भिंतीला जेट स्प्रे आहे, पण तो एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हातानं धुवायचं अशी त्याची रचना, त्यात तो डाव्या भिंतीला अडकवलाय. त्यामुळं इतके महिने आई धुतीय. आईचे स्वतःचे गुडघे गेलेत, खाली वाकलं की उठताना भिंत धरायला लागतीय.

दोघंही कधी काही बोलले नाहीत. परवा फिजिओ मॅडमनी विचारलं, आबांचं वजन का उतरायलंय, तेव्हा बाहेर पडलं की आबा रात्रीचं जेवणच टाळायलेत आणि पाणीपण घोटभरच प्यायलेत. कमी खाल्लं की कमी वेळा जायला लागंल असा हिशोब. झालं उलटंच, बद्धकोष्ठ झाला, आत गेले की बसूनच. मॅडम म्हणाल्या औषधाचं डॉक्टरांना विचारा, पण आधी यांना एकट्यानं जाऊन एकट्यानं बाहेर येता आलं पाहिजे, ते करा.

मी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, नळ-पाइपचं काम माझं नव्हं, पण मोजमाप लिहून ठेवायची सवय आहे म्हणून ही वही.

२० नोव्हेंबर २०२४

आज मतदानाची सुट्टी. आबांना रिक्षानं नेऊन आणलं. शाई डाव्या बोटाला लावतात, तिथल्या बाईंनी आबांचा हात स्वतः उचलून टेबलावर घेतला, बोट सरळ केलं आणि मग लावली. आबा दुसरीकडं बघत होते.

घरी येऊन निवांत बसून काय काय मिळतंय ते बघितलं. भाचा जपानात नोकरीला आहे, त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला मामा तिकडं दहातल्या आठेक घरात असली सीट आहे, कळ दाबली की खालनं नळी बाहेर येती, कोमट पाणी मारती, परत आत जाती. तिकडच्या टोटो कंपनीनं १९८० ला वॉशलेट म्हणून काढली, तेव्हा पाणी कुठल्या कोनात मारायचं हे ठरवायला कंपनीतल्याच माणसांना बसवून बसवून बघितलं म्हणे, शेवटी ४३ अंश कोन आणि ३८ अंश गरम पाणी असं बसलं. मला हे लई आवडलं. कुणीतरी बसून मोजलं म्हणून ते चाललं, आमच्या धंद्यातपण हेच असतंय.

तो म्हणाला येताना एक घेऊन येतो. पण तिकडची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हणजे ओल्या खोलीत अजून एक डबा, आणि पाणी लगेच तापवणाऱ्या सीटचा हीटर हजार वॅटच्या वर खातोय म्हणजे ट्रान्सफॉर्मरपण दणकटच लागणार. आपल्याकडं २३० व्होल्टच्याही मिळतात, पण किंमत ऐकून आबांनीच हात वर केला (उजवा). शिवाय आमच्या त्या संडासात अर्थिंगची बोंब आहे, आधी वायरिंग नवीन, मग ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), मग सीट. लाइट गेली की परत आईच.

जुना युरोपी बिडे म्हणजे कमोडच्या शेजारी बेसिनसारखं वेगळं भांडं, फ्रान्समधी अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासनं आहे. इटलीत तर १९७५ च्या सरकारी नियमानं घरातल्या एका तरी बाथरूममध्ये तो असायलाच पाहिजे. पण कमोडवरनं उठून दुसऱ्या भांड्यावर बसायचं, हे काठीवाल्या माणसाला चालणार नाही आणि आमच्या संडासात तेवढी जागापण नाही, दार उघडलं की गुडघा कमोडला लागतोय.

राहिलं काय, तर बिनविजेची पट्टी. सीटच्या खाली कमोडवर बसती, मागच्या बाजूला धार मारणारी नळी, उजव्या मांडीच्या कडंला फिरवायचा नॉब. उजवा हात नुसता नॉबला, बाकी काम पाण्याचं. हेच घ्यायचं ठरलं. काही कमोडला आतच पितळी जेट बसवून मिळतो, कॉक फिरवला की पाणी, पण आमच्या कमोडला त्याचं भोक नाही आणि कमोड उपसायचा म्हणजे फरशी फोडणं आलं.

२४ नोव्हेंबर २०२४

ऑर्डर करायच्या आधी प्रेशर बघितलं. बिनविजेची पट्टी सगळी पाण्याच्या दाबावर चालती, तो नसला तर नुसतं ठिबकणार.

गेज आणायच्या ऐवजी लेव्हलची पारदर्शक नळी अँगल कॉकला (संडासातल्या भिंतीवरचा छोटा कॉक) जोडली आणि बाहेरच्या भिंतीवरनं गच्चीपर्यंत नेली. कॉक उघडला तसं पाणी नळीतनं चढत चढत बरोबर टाकीतल्या पाण्याच्या लेव्हलला जाऊन थांबलं. कॉकपासनं मोजलं, साडेसहा मीटर. दहा मीटरला साधारण एक बार (दाब मोजायचं माप), म्हणजे आपल्याकडं ०.६५ बार. पोरगं वर उभं होतं, त्याला म्हटलं आता बघत ऱ्हा, आणि खाली स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळीतलं पाणी सरसर खाली आलं, जवळजवळ एक मजला. नळ बंद केला, परत वर. पोरगं वरनं ओरडायलंय, "पप्पा परत करा परत करा", त्याला खेळच झाला.

म्हणजे उभ्या पाण्याचा दाब बरा आहे पण पाणी वाहायला लागलं की पाइपमधीच मरतोय. घरातली लाइन जुनी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, अर्ध्या इंचाची, आतनं गंजून भोक किती राहिलंय देवाला माहीत. आबा आत बसलेत आणि आईनं भांडी घासायला नळ सोडला तर आबांचं पाणी गेलंच. तेव्हा पट्टीच्या आधी पाइप. टाकीपासनं संडासापर्यंत स्वतंत्र लाइन, पाऊण इंची सीपीव्हीसी प्लास्टिकची, मधी दुसरा कुठला नळ नाही.

१ डिसेंबर २०२४

लक्ष्मीपुरीतनं पाइप, एल्बो, टी, सोल्युशन, क्लॅम्प, पितळी अर्धा इंची टू-वे अँगल कॉक आणि टेफ्लॉन टेप आणली. दुकानदार प्लास्टिकचा कॉक पुढं करत होता, शंभर-दीडशे वाचतील म्हणून. पितळीच घेतला. ज्या कॉकवर सतत दाब राहणार आणि जो भिंतीला अडचणीच्या जागी आहे तिथं प्लास्टिक घालून कंजुषी करायची नाही.

प्लंबर मिस्त्री आमच्या गल्लीतलेच, आबांच्या ओळखीचे. दिवसभरात लाइन ओढून झाली. टाकीला नवीन आउटलेट मारताना ते तळापासनं चार बोटं वर घ्या म्हटलं, म्हणजे तळाचा गाळ नळीत उतरायचा नाही, पट्टीच्या नळीची भोकं लई बारीक असतात. उन्हातला पाइप आहे म्हणून वरच्या भागाला रंग मारायचा राहिलाय.

संध्याकाळी परत पारदर्शक नळी लावली, आईला सगळे नळ सोडायला लावले. पाणी जागचं हललं नाही.

४ डिसेंबर २०२४

पट्टीचं पार्सल आलं. पट्टी बरी आहे, एबीएस प्लास्टिकची, आत पितळी व्हॉल्व्ह, बोल्टची भोकं लांबट, म्हणजे आपल्या कमोडच्या भोकांतलं अंतर थोडं इकडंतिकडं असलं तरी बसती.

घोळ टी-मधी, म्हणजे तीन तोंडांच्या जोडात. सोबत आलेला टी फ्लश टाकीच्या खाली लावायचा असतोय. हातानं फिरवला तर दोन आटे सुरेख गेले आणि मग डुगडुगायला लागला. मिस्त्री म्हणाले टेप जास्त गुंडाळतो, बसंल. मी म्हटलं थांबा. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावला. आपला अर्धा इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप मापाचा, आटा बाहेरनं २०.९५ मिमी. या टीचा अमेरिकन मापाचा, ७/८ इंची, म्हणजे २२.२ च्या वर. दोन्हीला इंचात १४ आटे, म्हणून सुरुवातीला जातंय आणि बसल्यासारखं वाटतंय, पण व्यासात सव्वा मिलिमीटरचा फरक, वर एकाचा आटा ५५ अंशाचा आणि दुसऱ्याचा ६०. टेपनं आज गळायचं नाही, पण पुढं कधीतरी निसटून संडासात तळं. बाहेरनं मागवलेल्या पट्टीत हे हमखास बघायचं, आटा गेला म्हणजे माप जुळलं असं नसतंय.

तो टी बाजूलाच ठेवला. टू-वे अँगल कॉकचं एक तोंड फ्लश टाकीला, दुसरं पट्टीला असं करायचं. फक्त पट्टीला पाणी आणणाऱ्या नळीचा नट वेगळ्या मापाचा आहे, त्याला मधी एक अॅडाप्टर लागणार. तो बाजारात शोधत बसण्यापेक्षा आपलं लेथ कशाला आहे.

७ डिसेंबर २०२४

पितळी षटकोनी बारमधनं अॅडाप्टर काढला, एका बाजूला अर्धा इंची बीएसपी, दुसऱ्या बाजूला नळीच्या नटाचा आटा, आत वॉशरला बसायला सपाट जागा. शॉपमधली पोरं विचारायला लागली कुठल्या मशीनचा पार्ट आहे, म्हटलं घरच्या.

एकानं खोदून विचारलं म्हणून सांगितलं. हसतील वाटलं होतं, पण कोण हसलं नाही. एकजण कामं संपल्यावर थांबला, म्हणाला आमच्या आईला पण हाच त्रास आहे, खांदा जाम झालाय, हात मागं जात नाही, कुणाला सांगती न्हाई, मला बायकोकडनं कळलं. त्याच्यासाठी तोच अॅडाप्टर अजून एक काढून ठेवला.

८ डिसेंबर २०२४

आज बसवलं. सगळ्यात जास्त वेळ जुन्या सीटच्या बोल्टनं खाल्ला. लोखंडी, गंजून नट आणि बोल्ट एक झालेले, स्प्रे मारून काही उपयोग नाही, शेवटी हॅकसॉचं पातं हातात धरून कमोडला ओरखडा येऊ न देता कापला, खाली उताणं झोपून. नवीन बोल्ट प्लास्टिकचे.

पट्टीमुळं सीट मागनं साताठ मिलिमीटर उचलली जाती आणि पुढं तशीच राहती, म्हणजे बसलं की सीट करकरती आणि थोडी सरकती. दोन्ही पाय ठीक असलेल्याला कळणारपण नाही, पण आबांचा तोल डावीकडं जातोय. सीटखालच्या पुढच्या दोन्ही रबरी बुटांच्या खाली जाड रबराच्या चकत्या चिकटवल्या, मग सीट सगळीकडनं टेकली. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठंच नव्हती.

नट सगळे हातानं, मग फक्त पाव फेरा. मिस्त्रींनी पकड काढली तेव्हा परत म्हटलं थांबा. जिथं रबरी वॉशर आहे तिथं टेप नको आणि पकड पण नको, वॉशरच पाणी अडवतोय, जोर लावला की प्लास्टिकचा नट चिरतोय आणि ते महिन्यानं कळतंय. टेप फक्त पितळी आट्याला.

उजव्या भिंतीला धरायला दांडी. भिंत जुनी, विटा आणि चुना, साधा अँकर मारला तर भुसा पडायला लागला. म्हणून आरपार भोक, पलीकडच्या पॅसेजमधी सहा मिमीची लोखंडी प्लेट आणि नट. पॅसेजमधनं दिसायला वाईट दिसतंय, बायको म्हणाली त्याच्यावर कॅलेंडर लावते. उंची ठरवायला पुस्तक बघितलं नाही, आबांना बसवलं, कोपर कुठं येतंय बघितलं, तिथं खूण केली. मी स्वतः लोंबकळून बघितलं, हलली नाही.

मग टेस्ट. मिस्त्रींनी कमोडवर कोण बसलेलं नसताना नॉब पूर्ण फिरवला आणि पाण्याची धार सरळ दारावर, दारात मी. रिकाम्या कमोडवर बघायचं असलं तर पुढं तळहात आडवा धरायचा आणि नॉब अगदी थोडा. ०.६५ बारवर नॉब अर्धा फिरवला की एक लिटरची बाटली अर्ध्या मिनिटाच्या जरा वर भरती, तेवढं पुष्कळ झालं. आपला तांब्यापण त्याच्यापेक्षा जास्त पाणी खातोय.

९ डिसेंबर २०२४

आबांची पहिली वेळ. मी दाराबाहेर, आई माझ्या मागं, बायको स्वयंपाकघरात पण भांड्यांचा आवाज बंद.

आधी कपड्यानिशी बसवून सांगितलं होतं, की पार मागं सरकून बसायचं, जरासं पुढं वाकायचं, नॉब हळू सोडायचा. एकदम फिरवला तर धार जोरात लागती आणि दचकून उठायला जातील ही माझी भीती. आबा म्हणाले, "क्लच सोडल्यागत सोडतो की. तू मला शिकवू नगंस." तीसएक वर्षं एसटी चालवलेल्या माणसानं एका वाक्यात माझं लेक्चर संपवलं.

आत नॉबचा बारीक आवाज. मग, "आगागागा, गार हाय रं!" मग शांत. मग परत पाणी. मग हाक, माझ्या नावानं, आईच्या नव्हं.

हात न लावता स्वच्छ कसं झालं म्हणायचं, हा आबांचा मुख्य मुद्दा होता आणि तो चुकीचापण नाही, आयुष्यभर हातालाच कळायचं की झालं. त्यासाठी जुन्या पांढऱ्या धोतराचे रुमालाएवढे तुकडे करून ठेवलेत. धुऊन झालं की तुकड्यानं टिपायचं, घासायचं नाही, आणि तुकडा बघायचा. डाग दिसला तर परत अर्धा मिनिट पाणी. तुकडे झाकणाच्या बादलीत, वेगळे धुवायचे. आबांनी तो तुकडा चष्मा घालून उजेडात धरून बघितला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "बरं हाय." आणि तरीसुद्धा बाहेर येऊन उजवा हात साबणानं दोनदा धुतला. धुऊ देत.

१५ डिसेंबर २०२४

गार पाण्याची कुरकुर रोजची झाली. सध्या पहाटे चांगलीच थंडी आहे आणि आबा उठतात साडेपाचला.

गच्चीवर सोलर आहे, त्याचं पाणी जोडा असं सगळेच सांगायलेत, मिस्त्री, शेजारी, साडू. जोडलेलं नाही आणि जोडणार नाही. सोलरचं पाणी दुपारनंतर साठ अंशाच्या वर जातंय, आणि आबांच्या डाव्या बाजूला गरम-गारची जाणीव कमी आहे, हे फिजिओ मॅडमनी चमचा लावून दाखवलेलं. भाजायला लागलं तरी त्यांना उशिरा कळंल. मधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार मिसळून ठरलेल्या तापमानाचं पाणी सोडणारा) टाकता येतो, पण त्याला दोन्हीकडनं बरा दाब लागतोय, आमच्या ०.६५ वर त्याचा भरवसा नाही. बिघडला तर कळणार कुणाला? ज्याला कळायला पाहिजे त्यालाच कळत नाही.

उपाय निघाला तो बिनपैशाचा. टाकी काळी आहे आणि उन्हात आहे. साडेनऊ-दहापर्यंत वरचं पाणी नरम होतंय. फिजिओ मॅडमनीच सुचवलं की सकाळी उठल्यावर कोमट पाणी, चहा, थोडं चालणं, नाष्टा आणि मग जायचं, खाल्ल्यानंतर पोटाला आपोआप हालचाल येती, बद्धकोष्ठालापण तेच बरं. आबांची सवय मोडायला थोडे दिवस गेले. आता नाष्टा झाला की घड्याळ बघतात.

२२ डिसेंबर २०२४

शॉपमधल्या एका इंजिनिअर साहेबांनी विचारलं, घाण पाणी लाइनमधी उलटं जायला नको, त्याचं काय केलंस. प्रश्न बरोबर होता. पट्टीची नळी पाण्याच्या वर आहे खरी, पण कमोडच्या काठाच्या खाली. कमोड तुंबून काठापर्यंत भरला आणि त्याच वेळी टाकी रिकामी होऊन लाइनमधी ओढ बसली, तर ते पाणी नळीतनं मागं खेचलं जाऊ शकतंय. आमची ही लाइन स्वतंत्र आहे आणि प्यायचं पाणी टाकीतनं घेत नाही, थेट सकाळच्या नळाचं भरतो. तरीपण टाकी एकच, त्यातनंच आंघोळ आणि भांडी.

अर्धा इंची नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकला. स्प्रिंगचा टाकून बघितला तर धार एकदम मेली, त्याची स्प्रिंग उघडायलाच आमच्या दाबातला वाटा जातोय. मग झडपेचा आणला, आडव्या पाइपवर बाणाच्या दिशेनं बसवला, धार जवळजवळ पहिल्यासारखी. आबांना फरक सांगितला नव्हता, तरी म्हणाले आज जोर जरा कमी हाय. ड्रायव्हरला पिकअप कळतोच.

जाता जाता, हा धोका बिडेपेक्षा आपल्या घरोघरच्या जेट स्प्रेला जास्त आहे. त्याची नळी लांब असती, हुक तुटलेला असतोय, आणि स्प्रे कमोडमधी लोंबत पडलेला. आमचापण तसाच होता. आज हुक नवीन लावला आणि स्प्रेच्या कॉकला काम झालं की बंद करायची सवय लावायलोय, चोवीस तास दाबाखाली राहिली की ती नळी एक दिवस फुटतीच आणि फुटती ती बरोबर सगळे गावाला गेले की.

५ जानेवारी २०२५

साफसफाई बघितली. नळीच्या तोंडाला पांढरा थर बसायला सुरुवात, कारण गेल्या आठवड्यात टाकीत बोअरचं पाणी टाकलं होतं, ते जड आहे. पांढरा व्हिनेगर कापसाला लावून तोंडाला तासभर गुंडाळून ठेवला, मग जुन्या टूथब्रशनं हलकं घासलं, भोकं मोकळी. संडास घासायचं ॲसिड पट्टीला लावायचं नाही म्हणून कामवाल्या मावशींना दाखवून सांगितलं, प्लास्टिक आणि चकाकी दोन्ही जातंय. पट्टी आणि कमोडच्या मधल्या फटीत घाण साठती, ती आठवड्यातनं एकदा नट ढिले करून पुसायला लागणार, पट्टीची ही एक कटकट आहेच.

गल्लीत बातमी पोचलीय. शेजारच्या काकू आईकडं आल्या होत्या, हळू आवाजात बोलत होत्या, मी उठून जायला लागलो तर आईनंच बसवलं, "याला विचार, त्यानं केलंय." काकूंना फिशर आहे, म्हणजे शौचाच्या जागी चीर, धुताना आग होती. मी डॉक्टर नव्हं, तरी मला जे विचारून कळलंय ते सांगितलं: धार अगदी मंद ठेवायची, जोराची धार जखमेला वाईटच, साबण तिथं नको, टिपून कोरडं करायचं. आणि डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलं असलं तर ते चालूच ठेवायचं, हे त्याच्या बदल्यात नाही. बायकांनी पाणी पुढनं मागं जाईल असंच बसायचं, मागचं पुढं येऊ द्यायचं नाही, पट्टी घेताना पुढची वेगळी नळी असलेली मिळती ती घ्या. आणि बरं वाटतंय म्हणून पाच-पाच मिनिटं धार मारत बसायचं नाही, सतत धुतलं की कातडीचं तेल जातंय आणि वर खाज सुटती. आत पाणी मारून पोट साफ करायचा प्रकार तर अजिबात नाही. हे शेवटचं मी आबांनापण बजावून सांगितलं, कारण एकदा त्यांनी मला विचारलं होतं की जोरात सोडलं तर लवकर होतंय का.

काकू ऐकून म्हणाल्या, "एवढं कुणी सांगतच न्हाई रे." खरं आहे. मूळव्याधीच्या गोळ्यांच्या जाहिराती भिंतीभिंतीवर, पण धुवायचं कसं हे विचारायला जागा नाही.

१९ जानेवारी २०२५

जमाखर्च लिहून टाकतो. पट्टी अडीच हजारात, पण पाइपलाइन, कॉक, व्हॉल्व्ह, दांडी आणि मिस्त्रींची मजुरी धरून त्याच्या तिप्पट वर गेलं. कुणी विचारलं तर पट्टीची किंमत सांगू नका, पाइपची सांगा. नवीन अपार्टमेंटमधी दाब बरा असतोय, तिथं पट्टी, टू-वे कॉक आणि अर्ध्या तासाचं काम एवढ्यात भागंल. जुन्या घरात आधी पारदर्शक नळी लावून बघा, मग खरेदी.

आबांचं वजन दोन किलो भरलं. संक्रांतीच्या भोगीला बाजरीची भाकरी, लोणी आणि मिक्स भाजी, रात्री नऊला, दोन भाकऱ्या. आईनं तिसरी वाढायला घेतली तर मी नको म्हणायला लागलो, आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसलो. आई आता सकाळी त्या वेळेला पूजेला बसती. पंधरा मिनिटं तिला कुणी हाक मारत नाही.

राहिलेली कामं: गच्चीवरच्या पाइपला रंग. टाकीवर शेड, कारण जे ऊन आत्ता पाणी नरम करतंय तेच एप्रिल-मेच्या दुपारी ते पोळणारं करंल, आणि गरम-गारचा प्रश्न तर तसाच आहे, तेव्हा मार्च संपायच्या आत जाळी किंवा पत्रा काहीतरी झालं पाहिजे. शॉपमधल्या त्या पोराच्या घरी पुढच्या रविवारी जायचंय, त्यांचं घर कळंब्याकडं, दुसऱ्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर, म्हणजे तीन मीटर पण मिळणार नाहीत. तिथं छोटा प्रेशर पंप लागणार, का टाकीलाच स्टँड करायचा, हे नळी लावल्याशिवाय सांगता येत नाही. नळी, व्हर्निअर आणि अॅडाप्टर पिशवीत भरून ठेवलेत. आबा म्हणायलेत मीपण येतो, त्यांच्या आईला नॉब कसा सोडायचा ते मी सांगतो, तुला नीट सांगता येत न्हाई.